आक्का, तुझं बोलणं मी फिरवलं होतं

इंदाक्का, तू जाऊन बारा दिवस झाले. परवा वस्तीतली पोरं घरी आली होती. विहारात तुझी शोकसभा घ्यायची आहे, मॅडम, तुम्ही शिकलेल्या, चार ओळी लिहून द्या, म्हणाली. मी बसले लिहायला. ‘कष्टाळू, मनमिळाऊ, सोशिक’ असं लिहिलं आणि कागद टराटरा फाडला. मनमिळाऊ? तू? आणि सोशिक तर तू आयुष्यात एक दिवस नव्हतीस. हे ऐकलं असतंस तर विहाराच्या दारातूनच चपला घालून माघारी फिरली असतीस. म्हणून त्या चार ओळी राहू देत. मी तुझ्याशीच बोलते. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि काल बागेत जे झालं तेही तुला सांगायचंय.

तुझी टोळी कालही कामावर होती. कुंडलच्या पलीकडची ती माळावरची बाग, द्राक्षाच्या मांडवाखाली वीस-बावीस बायका, माना वर, हात वर, हातात कात्री. विरळणी चाललीय. घडातले जादा मणी कातरायचे, म्हणजे उरलेले फुगतात आणि युरोपातल्या दुकानात शोभतात. पंचवीस वर्षं तू हेच केलंस. टोळीची मुकादम तू. कुणाच्या बागेत कधी जायचं ते तू ठरवायचीस, आणि बागायतदार कितीही मोठा असो, त्याला बांधावरच उभं करायचीस. “आवं दादा, आमी बाया हाय, मशीन न्हवं. जरा दमानं घ्या.” काल तुझी जागा कुणी घेतली नव्हती. ओळीच्या सुरुवातीला तू उभी राहायचीस तिथं टोळीतल्या पारूमावशीनं पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. भरलेल्याच होत्या सगळ्या, दुपार झाली तरी.

आणि मी त्याच द्राक्षांच्या पॅकहाऊसात, गार खोलीत, कागद सांभाळणारी मंगल मॅडम. मला तिथवर पोचवलं कुणी? तूच की. बारावी झाल्यावर बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. तू बागेतून आलीस तशी डोक्यातला पालापाचोळाही न झटकता आमच्या दारात उभी राहिलीस. “भाऊ, पोरीला सांगलीला कॉलेजात घाला. विंग्रजी शिकवा. आपल्यातलं कोनतरी त्या लोकांशी बोलणारं पायजे का नगं?” बाबांनी विचारलं, कुठल्या लोकांशी? तू म्हणालीस, “जे द्राक्षं खात्यात त्यांच्याशी. मला एकदा भेटाय पायजेत ती.” ओटीवर बसलेले सगळे खो खो हसले. तू नाही हसलीस. मी कॉलेजला गेले. एसटीच्या खिडकीशी बसून इंग्रजी पाठ करायची तेव्हा मला वाटायचं, आक्कानं मला काय काम दिलंय कुणास ठाऊक. ते काम वीस वर्षांनी समोर आलं आणि मी त्याची माती केली.

मागच्या हंगामातलं बोलतेय मी. तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटत होतं. अर्धंच माहीत होतं.

तिकडच्या दुकानदारांना द्राक्षांबरोबर एक सर्टिफिकेट लागतं. औषधं कुठली मारली त्याचं लागतंच, पण माणसांचंही लागतं. कामावरच्या बायकांना प्यायला पाणी आहे का, हातमोजे आहेत का, संडास आहे का. ते तपासायला एक बाई येणार होती, थेट युरोपातून. आमच्या चेअरमनसाहेबांना आधी हसूच आलं. कारखाना त्यांचा, कॉलेज त्यांचं, पॅकहाऊस त्यांचं, आणि निवडणूक आली की भाषणही एकच: जग जवळ आलंय, आपली द्राक्षं साता समुद्रापार चाललीत, ह्याला म्हणतात विकास. त्या भाषणात तूच एकदा मधे उठली होतीस. आठवतंय? “सायेब, जग जवळ आलं आसंल, पन आमाला संडासाला लांब जावं लागतंय. बागंत एक तरी बांधा.” साहेब गोड हसले. “आक्का, विकास काय एका दिवसात होतो का?” “एका दिवसात नगं. मी हितं पंचवीस वर्सं काम करतोय.” मंडपात टाळ्या पडल्या. संडास काही पडला नाही पदरात.

पण पाव्हणी येणार म्हटल्यावर आठवड्यात आला. एक. निळा, प्लॅस्टिकचा, दाराला चकचकीत कडी असलेला. सोळा बागा आणि एक संडास. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवला आणि ठरलं असं की पाव्हणी ज्या बागेत जाईल त्या बागेत तो तिच्या आधी पोचायचा. हे डोकं पॅकहाऊसच्या मॅनेजरचं. पण माझं काम काय होतं, सांगू? मधला वेळ काढायचा. मी पाव्हणीला गाडीतून कृष्णेचा घाट दाखवला, देऊळ दाखवलं, ऊस कसा लावतात ते दाखवलं, तीन ठिकाणी चहा पाजला. मागं कच्च्या रस्त्यानं तो निळा डबा हिंदकळत पुढच्या बागेला चालला होता. एका वळणावर आमची गाडी आणि ती ट्रॉली अगदी समोरासमोर आली. पाव्हणीनं विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, नवीन बसवायला नेतायत. खोटं नव्हतं ते. त्या दिवशी तो डबा पाच वेळा नवीन बसवला.

दुभाषी खरं तर बाहेरचा लागतो, नियम आहे तसा. पुण्याचा यायचा होता तो आलाच नाही. मॅनेजर म्हणाले, “आमच्या मॅडम आहेत की.” आणि मला बरं वाटलं, आक्का. लाज वाटायला हवी होती, पण मला मान मिळाल्यागत वाटलं.

तुमच्या बागेत ती उतरली तेव्हा तुम्ही सगळ्या नटून आल्या होतात. ठेवणीतली लुगडी, केसांत अबोली, आणि पारूमावशीच्या हातात ताट, खण-नारळ, तांदूळ. परदेशातनं बाई आली, एकटी आली, तिची ओटी भरायची. तू जरा बाजूला उभी होतीस. “मी ओटी-बिटी मानत न्हाई. पन पाव्हणी दारात आली तर तिला रिकामी लावाय नगं, म्हनून हाय हितं.” पाव्हणी दोन पावलं मागं सरकली. दोन्ही हात वर केले. भेटवस्तू घ्यायची नाही असा तिच्या कामाचा नियम होता. पारूमावशी ताट घेऊन तशीच उभी राहिली, तिला ते खाली कुठं ठेवावं कळेना. आणि पाव्हणीनं फाईलमध्ये लिहिलं: कामगारांकडून तपासनिसाला भेट देण्याचा प्रयत्न.

मॅनेजर नंतर तुमच्या अंगावर किती ओरडले! “लाच म्हणतात ह्याला तिकडं, लाच! डोकी आहेत का तुम्हाला?” तू म्हणालीस, “खन-नारळाची लाच व्हय? मग मतदानाच्या आदल्या दिवशी तुमचं सायेब घरोघरी वाटत्यात त्येला तिकडं काय म्हनत्यात?” गाडीत बसून मी एकटीच हसले. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

पण ते नंतर. त्याआधी, ओटीचं ताट अजून मावशीच्या हातात असताना, पाव्हणीनं तुला विचारलं, इथं तुम्हाला काही अडचण आहे का? मी ते मराठीत सांगितलं. तू माझ्याकडं बघितलंस. खूश होतीस. तुला हवे होते ते लोक अखेर समोर उभे होते आणि मधे तुझीच मंगल उभी होती. तू सावकाश बोललीस, मला नीट सांगता यावं म्हणून. “हिला सांग, ह्यो निळा डबा सकाळी दुसऱ्याच्या बागंत हुता. आत पानी न्हाई. किल्ली मॅनेजरच्या खिशात हाय. आमी उसात जातो. तितं बाप्ये आसत्यात, साप आसत्यात. म्हनून आमी सकाळपासनं पानीच पीत न्हाई. बाटल्या भरून आनतो नि भरलेल्या न्हेतो.”

आणि मी पाव्हणीला सांगितलं, ही म्हणते की सोय नवीन आहे, बायकांना हळूहळू सवय होतेय, त्या समाधानी आहेत.

पाव्हणी हसली. तुझ्याकडं बघून छान, मोकळं हसली. त्या हसण्यानंच मी पकडले गेले. तू माझ्याकडं वळलीस. “ह्या गोष्टीवर कोन हासतं का गं? काय सांगितलंस तिला?” मी म्हटलं, तेच, तुम्ही म्हणालात तेच. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला ‘तुम्ही’ म्हटलं. पाव्हणी विचारत होती, ह्या का चिडल्यात? मी म्हटलं, ओटी घेतली नाही म्हणून.

त्या संध्याकाळी तू आमच्या घरी आलीस. चहाला हात लावला नाहीस. मी माझी बाजू मांडली, आणि खरं सांगते, मला तेव्हा ती पटत होती. सर्टिफिकेट गेलं तर कंटेनर जाणार नाहीत. कंटेनर गेले नाहीत तर बागा मोडतील. बागा मोडल्या तर तुझ्या टोळीला काम कोण देणार? तिकडच्या लोकांना काय, ते दुसऱ्या देशातली द्राक्षं घेतील. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “म्हंजे आमी मुतलो तर तुमचा विकास बुडतोय व्हय गं? लय नाजूक हाय तुमचा विकास.” मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, आक्का, तुला जग कसं चालतं ते कळत नाही. तेव्हा तू जे बोललीस ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. “तिकडच्या लोकांस्नी खरं कळलं आसतं तर त्यांनी द्राक्षं खायाचं सोडलं आसतं, का संडास बांधा म्हनलं आसतं, ते तुला काय ठावं? तू त्यांना विचारलंसच न्हाई. त्यांच्या वतीनं तूच ठरीवलंस नि आमच्या वतीनंबी तूच ठरीवलंस. चेअरमन तरी मतं मागून ठरीवतोय.”

तू उठून गेलीस. मग चार महिने माझ्याशी बोलली नाहीस. जयंतीच्या मिरवणुकीत माझ्या पोरीला जवळ घेतलंस, तिला पेढा भरवलास, आणि माझ्याकडं बघितलंही नाहीस. पॅकहाऊसला सर्टिफिकेट मिळालं. भिंतीवर फ्रेम करून लावलं. शेजारी तुझाच फोटो लावलाय, माहितीपत्रकात छापलेला: मांडवाखाली हात वर करून हसणारी बाई. तो काढताना तू त्या फोटोवाल्याला सांगत होतीस, आटप रं बाबा, मान मोडाय लागली. रोज सकाळी मी त्या फोटोखालून आत जायची.

मग तुझ्या पोटात, पाठीत दुखायला लागलं. आधी मुतखडा म्हणाले, मग सारखी लघवीची जळजळ आणि ताप, मग किडन्या. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दिवसातनं पाणी किती पिता? तू म्हणालीस, “घरी आल्यावर.” त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. तुझं दुखणं कशानं झालं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही आणि डॉक्टर काही ठामपणे म्हणाले नाहीत. ते न म्हणोत. मी म्हणते. पंचवीस वर्षं सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घशाखाली घोट न जाणाऱ्या बाईच्या किडन्या कशानं जातात, हे विचारायला मला डॉक्टर व्हावं लागत नाही.

त्या दवाखान्यात तू माझ्याशी बोललीस. अबोला सोडलास म्हणजे काय, तर मला चिडवलंस. कॉटशेजारचं दार दाखवून म्हणालीस, “बघ, पाच पावलावर संडास. आत पानी. आतनं कडी. लय विकास झाला माझा.” नर्स हसली. मीही हसले. त्या क्षणी तुझी माफी मागायची होती. शब्द तोंडात होते. आणि मी काय बोलले? पोरीला विज्ञानात किती मार्क पडले ते. तू ऐकलंस, म्हणालीस, “हुशार हाय, तुझ्यावर गेलीया.” तुला कळलं होतं मला काय म्हणायचंय. तू मला ते म्हणायला लावलं नाहीस. त्या वेळी मला ती तुझी दया वाटली आणि फार बरं वाटलं. आता राग येतो. लावायचं होतंस मला. कान धरून लावायचं होतंस.

तुझ्या जलदान विधीला सगळी टोळी आली होती. निघताना सुनीता, तुझ्या हाताखालची सगळ्यात तरणी, दारात थांबली. “मंगलताई, पुढल्या आठवड्यात पाव्हणी येणार हाय म्हनं. आता आक्का न्हाई. कोन बोलनार?” मी म्हटलं, तुम्ही बोला. तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझी मान खाली गेली. “आमी बोलू. पन तुमी काय सांगनार?”

तर आता कालचं ऐक.

निळ्या डब्याला नवा रंग दिला होता. या वेळी चार बागांपुरताच फिरवला, मॅनेजर शहाणे झालेत. मागच्या वर्षी माझं काम ‘एक नंबर’ झालं म्हणून दुभाषी पुन्हा मीच. सकाळपासून तोच घाट, तेच देऊळ, तोच चहा. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. तुमच्या बागेत उतरल्या उतरल्या पाव्हणीनं तुझी चौकशी केली. नाव ध्यानात नव्हतं तिच्या. ती उंच बाई, माझ्यावर रागावलेली, असं म्हणाली. मी सांगितलं, वारली. तिनं फाईल उघडली आणि तोच प्रश्न विचारला. इथं काही अडचण?

सुनीता बोलली. तुझंच सगळं बोलली, पण घाईघाईनं, धापा टाकत. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. डबा कुठनं आला. आत पाणी नाही. किल्ली कुणाकडं. ऊस, पुरुष, साप, भरलेल्या बाटल्या. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. आणि मग माझं म्हणून सांगितलं की मागच्या वर्षी त्या उंच बाईनं हेच सांगितलं होतं आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती तुमच्यावर रागावलीच नव्हती. माझ्यावर रागावली होती.

पाव्हणीचं पेन थांबलं. का केलंस असं, तिनं विचारलं. मी म्हटलं, तुमची ऑर्डर जाईल म्हणून भ्याले. आताही भिते. पण तुम्ही काय कराल ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या वतीनं ठरवणार नाही.

मॅनेजरना इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळतं बरं. ते पुढं झाले. “मॅडम, तुमची तब्येत बरी दिसत नाही. गाडीत बसा.” मी हलले नाही. मग हळूच, हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाले, “उद्यापासून येऊ नका कामावर.” मी म्हटलं, बरं. इतकं सोपं होतं ते, आक्का. ह्याच्यासाठी मी वर्षभर तुझ्या फोटोखालून मान खाली घालून जात होते.

आणि मग जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. सकाळपासून पाव्हणीला चार कप चहा झालेले. तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आणि मी मॅनेजरना मोठ्यानं सांगितलं, बाईंना जायचंय. मॅनेजर खिसे चाचपायला लागले. किल्ली ट्रॅक्टरवाल्याकडं राहिलेली, ट्रॅक्टरवाला जेवायला गेलेला. ते फोन लावत बांधावरनं पळत सुटले. पाव्हणी त्या चकचकीत कडीकडं आणि कुलपाकडं बघत उभी राहिली. तेवढ्यात सुनीतानं तिचा हात धरला. “चला बाई, आमच्यासंगं.” पाव्हणीनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, ह्या रोज जातात तिथं नेतायत.

गेली की ती! पारूमावशी पुढं काठी आपटत, सापासाठी. उसाच्या चौथ्या-पाचव्या सरीत तिला नेलं, आणि सगळ्यांनी बाहेर तोंडं करून कडं केलं, पदर ताणून धरले, जसे तुम्ही एकमेकींसाठी धरता. एक पोरगी रस्त्याकडं बघत ओरडली, “थांबा वो दादा, हिकडं येऊ नगासा!” कुणीतरी सायकलवाला गपगुमान मागं वळला. मीही माझा पदर धरून त्या कड्यात उभी होते. वीस वर्षं ह्या द्राक्षांचे कागद केले, आणि त्या उसात मी काल पहिल्यांदा उभी राहिले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या दंडावर उसाच्या पानाचा लांब ओरखडा होता. पारूमावशीनं बाटली उघडून तिच्या हातावर पाणी ओतलं. ती हात पुसत बांधावर बसली आणि तिनं मला एकच विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज. मग ती लिहायला लागली. मागच्या वर्षी दोन ओळी लिहिल्या होत्या, काल पानं उलटत होती. आता ऑर्डर राहील का जाईल, मला माहीत नाही. गेली तर तुझ्या टोळीच्या शिव्या खायला मी वस्तीतच आहे, कुठं पळून जात नाही. आणि संडास बांधला गेला, तर तो साहेबांनी विकास केला म्हणून बांधला असं कुणी म्हणालं, तर त्याचं थोबाड मी बंद करीन. तुला माफ कर म्हणायचं राहिलं ते राहिलंच. ते आता विहारात, सगळ्यांसमोर, माईकवर म्हणणार आहे.

मॅनेजर धापा टाकत आले, हातात किल्ली. बाईचं लिहिणं बघून त्यांचा चेहरा उतरला. नोकरीवरनं काढलंय हेही विसरले आणि माझ्या कानाशी आले. “मॅडम, काय लिहितायत त्या? तुम्ही सांगा ना त्यांना, म्हणावं पुढच्या महिन्यात सगळ्या बागांत—”

“तुमचं तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “मी आता ह्यांचं सांगते.”